खरखरीखालचा ट्रँगल

११ जानेवारी

मामाची पेटी आज आली. हमालांनी जिन्यात दोनदा भिंतीवर आपटली, पण आतल्या रेकॉर्ड शाबूत आहेत. मामा जाऊन वर्ष होत आलं. मामीने मोठं घर सोडलं आणि आपल्या बहिणीच्या मुलीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला गेली. तिथे प्लेअर ठेवायला जागा नाही, म्हणून प्लेअर, दोन स्पीकर आणि पेटी असा सगळा संसार माझ्याकडे आला. मी दातांची डॉक्टर, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मामाला मूल नव्हतं आणि त्याची भाची मी एकटीच, तेव्हा हरकत घ्यायला जागा नव्हती.

संध्याकाळी एक रेकॉर्ड लावली. सुई टेकली आणि गरम तेलात काहीतरी टाकावं तसा आवाज सुरू झाला. नवरा आतून बघायला आला, शेगडीवर काय ठेवलंय म्हणून.

मामा टपाल खात्यात पत्रं लावायचा आणि संध्याकाळी खात्याच्या वाद्यवृंदात ट्रँगल वाजवायचा. ट्रँगल म्हणजे तीन कोनांत वाकवलेली पोलादी सळई. दोरीला टांगायची आणि कांडीने टोला द्यायचा. मामाचं वाद्य खिशात मावतं आणि कामगिरी नखावर, असं सगळे म्हणत. सगळे वाजवत असताना तो उभा राहून वाट बघायचा, मग मध्येच एक टिंग, आणि पुन्हा वाट बघणं. त्या वाद्यवृंदाची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटी एक संथ तुकडा आहे आणि त्यात मामाचे चार-पाच टोले आहेत. लहानपणी तो मला प्लेअरला चिकटवून बसवायचा आणि टोला यायच्या आधी बोट वर करायचा. मग टोला यायचा. थंडगार थेंब पडावा तसा.

तीच रेकॉर्ड आज शेवटी लावली. खरखरीत वाद्यवृंदच कसाबसा ऐकू येतो, तिथे ट्रँगलची काय कथा.

मामीला फोन केला. ती म्हणाली, मार्चमध्ये डोळे दाखवायला तुझ्या गावात येणार आहे, तोवर तेवढी एक रेकॉर्ड ऐकण्याजोगी कर, बाकीच्या कुणाला दिल्यास तरी चालेल. नवरा म्हणाला, कोणत्या उपायाने काय फरक पडतो ते लिहीत जा, पेशंटच्या कागदावर लिहितेस तसं. म्हणून ही वही.

१५ जानेवारी

बाजारामागच्या गल्लीत जुन्या रेकॉर्ड विकणारे एक काका आहेत. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांच्याकडून धडा घेऊन आले. खरखर चार कारणांनी येते. खाचांत बसलेली घाण, रेकॉर्डवर साठलेली वीज, खराब सुई आणि ओरखडे. पहिल्या तिघांवर उपाय आहे, ओरखड्यांवर नाही. धुताना डिस्टिल्ड पाणी वापरायचं, त्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब. ब्रश मऊ हवा आणि तो खाचांच्या दिशेने फिरवायचा, आडवा कधीही नाही. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. आणि धुतल्यावर नवं पाकीट. जुन्या पाकिटात परत घालणं म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणं, असं काका म्हणाले.

त्यांचं बोलणं फार अस्पष्ट. वरच्या पुढच्या दातांपैकी दोन नाहीत, त्यामुळे त्यांचे ‘स’ आणि ‘श’ हवेत जातात. तीनदा विचारावं लागलं. या म्हटलं एकदा दवाखान्यात, दात बसवून देते, म्हणजे गिऱ्हाइकांना तुमचं बोलणं कळेल. काका हसले. आजवर कुणी तक्रार केली नाही म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याचे दात बघितले. हल्ली त्याचेही ‘स’ जातात. दिवा धरून नीट तपासलं. या वयात असे दात मी क्वचित बघितलेत, एकही ढिला नाही. मग निवृत्तीनंतर तो पुटपुटायला लागलाय एवढंच म्हणायचं. तीस वर्षं भूमापन खात्यात मान खाली घालून नकाशे काढले, आता बोलतानाही मान खालीच.

२३ जानेवारी

आज पहिली धुलाई. मामाच्या रेकॉर्डला हात लावला नाही, पेटीतली सर्वांत टाकाऊ घेतली. आधी दवाखान्यातलं भिंग लावून बघितलं. खाचांत मळ कसा बसला होता म्हणून सांगू! वर्षानुवर्षं ब्रश न लागलेल्या दातांसारखा, कोपऱ्यात घट्ट आणि वर चकाकी. हे काम आपलंच आहे असं वाटलं. लेबलावर डब्याचं झाकण दाबून धरलं, पाणी शिंपडलं, ब्रश फिरवला, पुन्हा नुसत्या पाण्याने धुतलं आणि ताटाळ्यात उभी करून वाळवली.

निकाल. माझ्या मते खरखर निम्म्याने कमी. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “थोडी कमी झाली असेल.” त्याचं कौतुक नेहमी असंच, पिपेटने मोजून दिल्यासारखं.

४ फेब्रुवारी

हवा कोरडी आहे. रेकॉर्ड पाकिटातून काढताना चट्‌चट्‌ होतं आणि हातावरचे केस उभे राहतात. ती साठलेली वीज धूळ ओढून घेते. काकांच्या सल्ल्याने प्लेअरजवळ ओला टॉवेल टांगला आणि रेकॉर्ड उचलण्याआधी नळाला हात लावायला लागले. नवरा म्हणतो, घरात नवीन सोवळं सुरू झालंय.

सुईही बदलली. जुनीच्या टोकाला कापसासारखा पुंजका होता आणि भिंगाखाली टोक एका बाजूने झिजलेलं दिसलं. अशा सुईने खाचा घासण्यापेक्षा न वाजवलेलं बरं. नव्या सुईचा भार काट्यावर मोजून बसवला. जास्त भार म्हणजे खाच झिजते, कमी म्हणजे सुई उड्या मारते आणि टकटक वाढते.

निकाल अपेक्षेपेक्षा चांगला. तीन रेकॉर्ड जवळजवळ गप्प झाल्या. नवऱ्याला मात्र अजून “चरचर” ऐकू येते म्हणे. मी म्हटलं, तुझ्या मनात बसलीय ती. यावर आमची थोडी वादावादी झाली. शेवटी तो काहीतरी पुटपुटत आत गेला. काय म्हणालास विचारलं तर दारातून वळून, तोंड पूर्ण माझ्याकडे करून म्हणाला, “काही नाही.” आता हे त्याचं नवीनच. काही सांगायचं झालं की खोलीत येऊन समोर उभा राहून सांगतो, किंवा फ्रिजवरच्या पाटीवर लिहितो. एकाच घरात राहून पत्रव्यवहार.

मला थोडी कणकण होती. थर्मामीटर लावला तर तो बिघडलाय, ताप मोजून झाल्यावर वाजतच नाही. नवीन आणला. तोही मुका. हल्ली वस्तूच अशा येतात.

१३ फेब्रुवारी

साबणपाण्याने खालचा मळ निघत नाही अशा रेकॉर्डसाठी काकांनी एक अघोरी उपाय सांगितला. सुताराचा पांढरा गोंद रेकॉर्डभर जाडसर पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी सालीसारखा सोलून काढायचा. गोंद खाचांत उतरतो आणि येताना घाण घेऊन येतो. काका म्हणाले, हातात धीर असेल तरच करा. अर्धवट वाळलेला सोललात तर तुकडे आत राहतात.

मी आयुष्यभर लोकांच्या जबड्यांचे साचे घेतले. हे तेच. एका फालतू रेकॉर्डवर करून बघितलं. सकाळी साल निघाली ती अखंड, पारदर्शक, आणि उजेडात धरल्यावर तिच्यावर सगळ्या खाचा उमटलेल्या. रेकॉर्ड लावली. इतकी शांत, की सुई टेकली की नाही ते वाकून बघावं लागलं.

१६ फेब्रुवारी

मामाच्या रेकॉर्डवर गोंद घातला, दुसऱ्या बाजूला. संथ तुकडा तिथेच आहे. कडेपासून लेबलापर्यंत पसरायला पाऊण तास घेतला. दाढ काढायला एवढा लागत नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी दवाखान्यात लवकर जायचं होतं म्हणून घाई केली. कडेला एका जागी गोंद अजून पांढुरका होता, तरी सोलला. बाकीची साल नीट आली.

संध्याकाळी एकटी असताना रेकॉर्ड लावली. नवरा फिरायला गेला होता. खरखर नाही. व्हायोलिनं, मोठे भोंगे, ढोल, सगळं स्वच्छ, आणि मागे काळोखासारखी शांतता. मनात म्हटलं, जिंकले. मग संथ तुकडा आला. मामा बोट वर करायचा ती जागा मला अजून पाठ आहे, व्हायोलिनं एकदम हळू होतात तिथे. वाट बघितली. काही नाही. दुसरी जागा, काही नाही. तिसरी, तेच.

सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. पुन्हा तेच. तीनदा ऐकलं.

खरखरीबरोबर ट्रँगलही गेला. गोंदाने ओढून नेला.

नवरा आला तेव्हा प्लेअर झाकून ठेवला होता. कशी झाली विचारलं त्याने. उद्या बघू म्हटलं.

१९ फेब्रुवारी

काकांकडे जाऊन आडून विचारलं, गोंदाने बारीक आवाज निघून जातात का? काका म्हणाले, छे, गोंद खाच कोरत नाही. मग म्हणाले, नीट वाळू दिलात ना? मी हो म्हटलं. कडेचा तो पांढुरका भाग डोळ्यांसमोर होता.

घरी भिंगाखाली तास घातला. गोंदाचा तुकडा कुठे दिसत नाही, ओरखडा नाही, खाचा आरशासारख्या. पण मामाचे टोले केवढे असणार? डोळ्यांना दिसतील एवढे थोडेच?

साल केराच्या डब्यातून काढून कपाटात ठेवली आहे. तिचं काय करणार ते माहीत नाही. तिच्यावर टोल्यांची खूण असेल असं वाटतं. मूर्खपणा आहे.

२७ फेब्रुवारी

आज दवाखान्यात वाईट प्रकार झाला.

एक उंच तरुण आला होता, बुटांच्या दुकानात काम करणारा. खालची दाढ आत खोलवर किडलेली. इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, विचारलं, बधिर झालं का? तो म्हणाला, झालंय. मी काम सुरू केलं. पुढच्या क्षणी माझ्या मदतनीस बाईंनी माझं मनगट धरलं. बारा वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. “डॉक्टर, थांबा,” त्या म्हणाल्या. “झालं नाही म्हणतोय तो. दोनदा म्हणाला.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माफी मागितली, दुसरं इंजेक्शन दिलं, पूर्ण बधिर झाल्याची खात्री करून दाढ भरली. जाताना त्याने बाईंकडे बघून मान हलवली.

नंतर बाई हत्यारं धुताना काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, आधी मास्क काढा आणि मग बोला, सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. त्यांनी मास्क काढला आणि म्हणाल्या, “मास्क काढला की तुम्हाला सगळं ऐकू येतं, डॉक्टर.”

टोमणा होता. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पण रात्री जेवण गेलं नाही. रेकॉर्डच्या नादात लक्ष नाही माझं कामावर, दुसरं काय? मामी येऊन गेली की ही पेटी काकांना देऊन टाकायची.

७ मार्च

मामी आली. आणखी वाळली आहे, पण बाकी ठणठणीत. डोळ्यांपुढे धुकं आहे म्हणते, कान मात्र तिखट. बॅग ठेवायच्या आत म्हणाली, तुझी केटली कधीची ओरडतेय. मी विचारात होते, माझं लक्ष नव्हतं.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून आल्यावर रेकॉर्ड ऐकायची असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. मी म्हटलं, फार अपेक्षा ठेवू नकोस, रेकॉर्ड जुनी आहे, काही जागी झिजलीय. झिजलीय असं म्हणाले. मी झिजवली असं म्हणायला हवं होतं.

८ मार्च

डोळ्यांचं ठीक आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल, घाई नाही.

चार वाजता रेकॉर्ड लावली. मामी आरामखुर्चीत, नवरा दाराजवळच्या स्टुलावर, मी प्लेअरशी. पहिली बाजू झाली तेव्हा मामी ठेक्यावर पाय हलवत होती. मी दुसरी बाजू लावली. भोंगेवाले, मग ढोल, मग तो संथ तुकडा. मामीने डोळे मिटले. व्हायोलिनं हळू झाली आणि तिचं बोट खुर्चीच्या हातावरून वर उचललं गेलं. थोडा वेळ गेला, पुन्हा उचललं. मी मनात म्हटलं, तिलाही जागा पाठ आहेत, ती आठवणीवरच बोट उचलतेय, आता मला विचारेल.

रेकॉर्ड संपली. मामीने डोळे उघडले. “ऐकलंस?”

मी म्हटलं, “हो. ऐकलं.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

मामी खुर्चीत सरसावून बसली. मग म्हणाली, “मी आज पहिल्यांदा ऐकला.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी तिच्या समोर जाऊन बसले. ती सांगत होती, कार्यक्रमांना ती नेहमी मागच्या रांगेत बसायची. घरी येताना तो विचारायचा, ऐकलंस का मला? आणि ती हो म्हणायची. एवढ्या ढोलाभोंग्यांत त्या कांडीचं टिंग कुठलं ऐकू यायला! पुढे रेकॉर्ड निघाली तेव्हा तो प्लेअरपाशी बोट वर करायचा आणि ती स्वयंपाकघरातून मान हलवायची. “सगळा संसार मान हलवली,” ती म्हणाली. “आज कळलं, बरा वाजवायचा की.”

तिने पदराने डोळे पुसले. मग नवऱ्याला म्हणाली, अजून एकदा लाव, शेवटचं तेवढंच. नवऱ्याने सुई बरोबर तिथे ठेवली. मी उठून चहा टाकायला गेले.

९ मार्च

मामीला गाडीत बसवून आलो. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, तो तुकडा लाव आणि ट्रँगल वाजला की बोट वर कर. त्याने सुई ठेवली आणि बसला. मी त्याच्या शेजारी, लहानपणी बसायचे तशी स्पीकरला खेटून. व्हायोलिनं हळू झाली आणि त्याने बोट वर केलं. मग पुन्हा. पुन्हा. मला माहीत असलेल्या प्रत्येक जागी.

मी विचारलं, आठवणीने करतोयस का? तो म्हणाला, मला कसल्या आठवणी, मी कालच तर पहिल्यांदा ऐकलं. स्पष्ट आहे. छान आहे.

इतकं हलकं वाटलं! मामा जागेवर आहे. गोंदाने काही नेलं नाही. मी कपाटातली साल आणून त्याला दाखवली आणि महिनाभर काय भोगलं ते सांगितलं. तो हसला नाही. चहा करून घेऊन आला.

मग गेलं काय, ते उमगायला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

मी विचारलं, “खरखर किती आहे?”

तो म्हणाला, आधीपेक्षा खूप कमी. तू खरंच चांगलं काम केलंयस. पण आहे. शेवटी शेवटी तर बरीच आहे.

मला एक ठिपकाही ऐकू आला नव्हता.

मी थर्मामीटर आणला, काखेत धरला आणि त्याला म्हटलं, वाजला की सांग. तो म्हणाला, वाजला. जुना लावला. तोही वाजला, म्हणाला. नंतर त्याने मला खिडकीकडे नेलं आणि विचारलं, काय ऐकू येतंय? मी म्हटलं, रस्ता. तो म्हणाला, वळचणीला पक्ष्यांनी घरटं केलंय, सकाळपासून पिल्लं बोंबलतायत.

मी विचारलं, कधीपासून कळलं होतं तुला? तो म्हणाला, दोन वर्षं झाली असतील. सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, सांगितलं. तीनदा. दोनदा तू म्हणालीस पुटपुटू नकोस, आणि एकदा माझे दात तपासलेस.

१७ मार्च

कान तपासणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची, जेमतेम पंचविशीची. काचेच्या खोलीत बसवून कानांना हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला बराच वेळ दाबत होते. मग नुसतीच बसून होते. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे ती मान खाली घालून नोंदी करतच होती.

तिने कागदावर आलेख दाखवला. जाड आवाजांच्या बाजूला रेघ नीट चालते आणि बारीक आवाजांकडे जाताना दरड कोसळावी तशी खाली जाते. म्हणाली, म्हणून तुम्हाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. ‘स’, ‘श’ असे वर्ण वरच्या पट्टीतले, ते आधी जातात. म्हणून माणसं पुटपुटतात असं वाटतं. तुम्ही नकळत ओठ वाचत असणार.

आणि खरखरीचं? तिने प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाली, तीही बरीचशी त्याच भागातली. मी जानेवारीपासून रेकॉर्ड धुतेय. थोडं श्रेय साबणाचं, बाकीचं माझ्या कानांचं. यावर हसावं की रडावं, तिलाही कळलं नाही.

कशामुळे झालं विचारलं. वय असेल, दवाखान्यातला रोजचा आवाज असेल, दोन्ही असेल. नक्की सांगता येत नाही. गेलेलं परत येत नाही, पण कानात बसवायची यंत्रं बऱ्यापैकी भरून काढतील. मी म्हटलं, मी पेशंटांना कवळीबद्दल अगदी याच शब्दांत सांगते. ती म्हणाली, मग ते काय कारणं देतात तेही माहीत असेल तुम्हाला. माहीत होतं. त्यातली दोन मी तोंडात आणून ठेवली होती. गिळली.

परतताना दवाखान्यात गेले. बाई एकट्याच होत्या. मी त्यांना आलेख दाखवला आणि म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मनगट धरलंत ते बरं केलंत. त्यांनी कागद नीट बघितला. “मी तुमच्या समोर उभी राहत जाईन,” म्हणाल्या. “आणि तोवर पेशंटला मी विचारेन, बधिर झालं का ते.”

बुटांच्या दुकानातल्या त्या तरुणाकडेही गेले. गिऱ्हाइकं होती, थांबले. सांगितलं, माझ्या कानांचा दोष होता. तो म्हणाला, दाढ आता दुखत नाही. पुढच्या वेळी येईन, पण त्या बाई असतील तरच. योग्य आहे.

५ एप्रिल

यंत्रं बसवली. वाटाण्याएवढी आहेत, मागे तारेसारखी नळी.

जग फार आवाज करतं. कागद फाटताना किंचाळतो. फ्रिज कुरकुरतो. माझे स्वतःचे कपडे चालताना सळसळतात, कुणी मागून येतंय असं वाटून दोनदा वळून बघितलं. नवरा जेवताना केवढा आवाज करतो! त्याला सांगितलं. तो म्हणाला, यंत्रं परत करता येतात का?

तो पुटपुटत नाही. चांगला बोलतो. जरा जास्तच बोलतो. बरंच काही साचलेलं दिसतं.

संध्याकाळी मामाची रेकॉर्ड लावली. अरे देवा! हिला मी स्वच्छ म्हणत होते? पावसात पत्र्याखाली बसल्यासारखी चरचर, मध्येमध्ये टकटक, आणि शेवटी तर नवरा म्हणाला तसंच. कडेला जिथे गोंद ओला होता तिथे एक ठळक टक आहे, दर फेरीला. ती माझी.

संथ तुकड्यात पहिला टोला ऐकू आला. दुसरा चरचरीत हरवला. तिसरा आणि चौथा आला. आठवणीतल्यासारखा नाही, जरा पत्र्याचा, यंत्रातून आलेला. पण आला. मी बोट वर करायला विसरले.

६ एप्रिल

मामीला फोन केला. यंत्र लावून फोन धरायचा सराव नाही, यंत्रात दोनदा शिट्टी वाजली. तिला म्हटलं, मामी, त्या दिवशी मी हो म्हणाले, पण मला काही ऐकू आलं नव्हतं. काल आलं.

“ठाऊक आहे,” मामी म्हणाली. “तुझा चेहरा बघितला ना मी. तोच चेहरा मी सगळा जन्म करत आले.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुझ्या मामाने तरी मला कधी टोकलं का? त्यालाही ठाऊक असणार. रोज विचारायचा, रोज हो घ्यायचा आणि खुशीत जेवायचा.

पेटी काकांना द्यायची नाही. मामीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मग बाकीच्याही धुऊन ठेव, डोळ्यांचं झालं की राहायलाच येते.

१० एप्रिल

आज यंत्रं लावून दवाखान्यात पहिला दिवस. कान तपासणाऱ्या मुलीने बजावलं होतं की ड्रिल चालवताना ती काढून ठेवायची आणि कानात बोळे घालायचे. पहिल्या पेशंटला विसरले.

पेशंट शाळेची बस चालवणारी बाई. दंड पैलवानासारखे, आवाज भारदस्त, आणि खुर्चीत बसल्याबरोबर दोन्ही हातांनी खुर्ची आवळून धरलेली. बधिर झाल्याचं तिने सांगितलं, ते मला स्वतःला ऐकू आलं. तरी बाईंकडे बघून खात्री केली. मग पेशंट म्हणाली, दुखण्याचं काही नाही हो डॉक्टर, तो आवाज तेवढा नको वाटतो. यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. नुसता आवाज तो, आवाजाला काय घाबरायचं? हजारो लोकांना दिलंय.

ते देतच पायाखालचं बटण दाबलं.

काय सांगू? सुईने काचेवर ओरखडा काढावा आणि तो ओरखडा थेट कवटीत जावा, तसा आवाज. पाय आपोआप उचलला गेला. बाईंना विचारलं, हे यंत्र बिघडलंय का?

“नाही डॉक्टर.”

“नेहमी असंच वाजतं?”

“नेहमी असंच,” बाई म्हणाल्या.

बसवाली माझ्याकडे बघत होती. मी ड्रिल खाली ठेवलं. तिला म्हटलं, तुमचं बरोबर आहे, फार वाईट आवाज आहे, मला आजवर माहीत नव्हतं. बाईंना कापूस आणायला सांगितला आणि तिच्या दोन्ही कानांत बोळे घातले. मग माझी यंत्रं काढून डबीत ठेवली आणि मीही बोळे घातले. आता आम्हा दोघींनाही फारसं काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून खुणेने ठरवलं की तिने डावा हात वर केला की मी थांबायचं.

बाई तिच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. मी तिच्या हाताकडे बघत काम सुरू केलं. तिने तो तीनदा वर केला. तिन्ही वेळा थांबले.